मुंग्यांनी नेलेलं वाण

माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला तो आमच्या एडमंटनच्या घरासमोर, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना. मी आत पोहे करत होते. फावड्याचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, झालं असेल काढून. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या खिडकीतून पाहिलं आणि तो घरातल्या सपातांवरच धावत आला, म्हणून नवरा वाचला. त्यानंतर कितीतरी दिवस मी पोहे केले नाहीत.

स्टेंट घालून त्याला घरी पाठवलं. माणूस तोच होता, पण घरातलं एखादं कपाट कुणी वीतभर सरकवून ठेवावं तसा वाटायचा. पूर्वी मीटिंगमध्ये फोनवर तारस्वरात भांडणारा हा प्राणी आता खिडकीपाशी बसून मातीचे व्हिडिओ बघायचा. गांडुळं, पालापाचोळा, शेणखत. त्याच्या घराण्यात कुणी कुंडीत कोथिंबीरसुद्धा लावलेली नाही. आजोबा पोस्टात, वडील नागपूरला शाळेत गणित शिकवायचे, हा सॉफ्टवेअरमध्ये. आणि आता म्हणायला लागला, शहराबाहेर ॲकरेज, म्हणजे घरासकट काही एकर जमीन घेऊ, आपलं आपण पिकवू, जमिनीकडून जेवढं घेऊ तेवढं तिला परत देऊ.

"वर्षातले सहा महिने इथली जमीन दगड असते," मी म्हटलं. "काय पिकवणार? बर्फाचे गोळे?"

"तू ना, ऑलवेज निगेटिव्ह," तो म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, हे मला जास्त खटकलं.

मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. पहिलं वर्ष जपा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी ते सहज म्हटलं, हसून. मी मात्र त्या वर्षाचा एकेक दिवस दाताखाली धरून काढत होते. तो जिना चढला की मी खालून कान देऊन ऐकायची. तो वॉशरूममध्ये जरा जास्त वेळ रमला की मी दारावर टकटक करून काहीतरी फालतू विचारायची.

अशात त्याने कोस्टारिकातला एक कोर्स शोधून काढला. रानाच्या कडेला एक शेत, तिथे राहायचं आणि शाश्वत शेती शिकायची. आमच्या ओळखीतले सगळे हसले. एडमंटनमध्ये कोकोची बाग लावणार का, असं एकाने विचारलं. आमची लेक म्हणाली, "बाबा, यू डोन्ट ईव्हन लाइक मॉस्किटोज." नवऱ्याचं म्हणणं असं की पीक कुठलंही असो, तत्त्वं तीच. माती उघडी टाकायची नाही, पाणी पळू द्यायचं नाही, विष घालायचं नाही. मी वाद घातला नाही. त्याला एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून मीही सुट्टी टाकली आणि जून महिन्यात आम्ही निघालो.

शेताची मालकीण सत्तरीची होती. उंच, पाठीवर पांढरी वेणी, नवरा गेल्यावर एकटीने सगळं सांभाळणारी. तीच आम्हाला शिकवायची, मोडक्यातोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत. बरोबर आणखी काही तरुण मुलंमुली होती, त्यांचा या हकिकतीशी संबंध नाही. आम्हाला एक लाकडी खोली दिली होती, जमिनीपासून हातभर उंच खांबांवर उभी. तिच्या समोर एक आंब्याचं झाड होतं. दाट, काळपट हिरवं, फळांनी लगडलेलं. त्याच्या सावलीमुळे आमच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे.

पहिल्याच दिवशी मी दचकले ती कुंपण पाहून. तोडलेल्या फांद्या रोवून केलेलं कुंपण, आणि त्यातल्या प्रत्येक खांबाला पानं फुटलेली. हे आपलंच गिरिपुष्प, नवरा म्हणाला, आपल्याकडेही बांधावर लावतात. असेल. पण तारा ठोकलेल्या, खिळे मारलेल्या लाकडातून कोवळी पालवी बाहेर येताना बघून मला काही बरं वाटलं नाही. तिथे मेलेलं काही मेलेलं राहतच नव्हतं. कातडी पट्ट्यावर बुरशी उगवली, झाडूच्या दांड्याला अळंबी आली. नवरा मात्र खूश. अनवाणी हिंडायचा, मूठभर माती नाकाशी धरून हुंगायचा.

"अगं, जमीन श्वास घेते, फील कर ना," तो म्हणायचा.

"तू घे श्वास," मी म्हणायची. "जमिनीचं जमीन बघेल."

त्याच दिवसांत वटपौर्णिमा आली. मी काही भाविक बाई नव्हे. एडमंटनला इतकी वर्षं दिवाणखान्यातल्या फायकसच्या कुंडीला हळदकुंकू वाहिलं, ते मुख्यतः फोटोसाठी. कुंडीभोवती दोरा गुंडाळताना मैत्रिणी एकमेकींना विचारायच्या, सातांपैकी हा कितवा जन्म ग, लवकर संपू दे. पण या वर्षी मी हळद, कुंकू, तांदूळ आणि पांढऱ्या सुताचं रीळ बॅगेच्या तळाशी घालून आणलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी कडकडीत उपास धरला आणि कॉफीसुद्धा घेतली नाही.

वडाच्या जातीचं एक मोठं झाड ओढ्यापलीकडे होतं. पण रोज दुपारी कोसळणाऱ्या पावसाने ओढा फुगला होता आणि पलीकडे जायला बंदी होती. मग मी खोलीसमोरचा आंबाच धरला. देव काही बॉटनीची परीक्षा घेत नाही. नवरा इतरांबरोबर खताच्या खड्ड्याकडे गेला होता. मी साडी नेसले, मालकिणीच्या बागेतली लाल जास्वंद तोडून आणली आणि झाडाशी गेले.

बुंध्याला कमरेच्या उंचीवर एक काळा, तुकतुकीत पट्टा होता. कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीससारखं काहीतरी जाड थापलेलं. झाडाला काही जखमबिखम झाली असेल, असं मला वाटलं. मी दोरा खालून सुरू केला, चढता चढता तो त्या पट्ट्यावर गेला, चिकटला, मी ओढून घट्ट केला. सात फेऱ्या होईपर्यंत पट्टा दोऱ्याखाली पार झाकून गेला होता. मुळाशी मी आंबा, केळी, जास्वंद ठेवली, कुंकवात कालवलेल्या अक्षता वाहिल्या. सात जन्म वगैरे मागितलं नाही. मागितलं एवढंच की ह्याला राहू दे. तोंडाने मोठ्याने म्हटलं, मराठीत, त्या रानात.

मी म्हटलं आणि आजूबाजूचे किडे थांबले. दिवसभर करवतीसारखे कानात घुसणारे ते किडे एकदम गप्प झाले. पानही हलत नव्हतं. कुणीतरी ऐकतंय असं मला अगदी स्पष्ट वाटलं. खरं सांगते, मला तेव्हा भीती नाही वाटली, आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली ती एका आवाजाने. लांब कुठेतरी कुणी कागद फाडत बसलंय, न थांबता, असा आवाज. नवरा गाढ झोपला होता. मी दार उघडलं आणि आधी जाणवला तो उजेड. आमच्या दारात एवढा उजेड कधी नसायचा. वर पाहिलं तर आंब्याच्या जागी नुसत्या काटक्या होत्या आणि त्यांच्यातून आकाश दिसत होतं. पान एकही नव्हतं. फळं मात्र सगळी तशीच लोंबत होती, नागड्या फांद्यांना.

मग मी खाली पाहिलं. जमीन सरकत होती. बोटाच्या रुंदीची हिरवी धार झाडापासून निघून आमच्या पायरीखालून रानाकडे चालली होती. पानांचे कातरलेले तुकडे, एकेक तुकडा उभा धरलेला, डुलत चाललेला. खाली मुंग्या आहेत हे कळायला मला वेळ लागला. आधी मला पानंच चालताना दिसली. त्या हिरव्या धारेत मधूनमधून लाल तुकडे होते. ती माझी जास्वंद होती. आणि माझ्या अक्षता. कुंकवाचा एकेक तांदूळ, एकामागून एक, शिस्तीत चालला होता. मी ओरडले.

मालकीण सुरी घेऊन धावत आली. तिने दोऱ्याकडे पाहिलं मात्र आणि तिला सगळं कळलं. त्या ग्रीसच्या पट्ट्यामुळे मुंग्यांना वर चढता येत नव्हतं. मी दोऱ्याचा रस्ता बांधून दिला होता, आणि पायथ्याशी गोडधोड ठेवून त्यांना आमंत्रणही दिलं होतं. ती रागावली नाही. दोरा कापून काढत म्हणाली, "पण हे केलंस कशासाठी?"

"नवऱ्याचं आयुष्य मागण्यासाठी. आमच्यात पद्धत आहे."

तिचा सुरीचा हात थांबला. तिने छातीवर क्रूस काढला, आमच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा दोरा कापायला लागली. खरं तर तिने काहीतरी बोलायला हवं होतं. हसायला तरी हवं होतं.

एवढ्यात नवरा उठून बाहेर आला आणि मुंग्या बघून लहान मुलासारखा उकिडवा बसला. "ओ माय गॉड! धिस इज ॲमेझिंग. अगं, ह्या पानं खात नाहीत, माहितीये? खाली नेतात, त्याच्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात. दे आर फार्मर्स! आपण शिकायला आलो ते ह्यांच्याकडेच."

"किती खाली?" मी मालकिणीला विचारलं.

तिने पायाने आमची पायरी ठोकली. "बरंच. तुमच्या खोलीखालीसुद्धा. आम्ही आलो त्याच्या आधीपासून."

नवरा त्या धारेच्या कडेकडेने रानाच्या दिशेने चालायला लागला. मी त्याला अशी हाक मारली की तिकडचे विद्यार्थी वळून बघायला लागले. तो परत आला, खजील होऊन. "काय झालं तुला?" म्हणाला. मी त्याला व्रताचं सांगितलं. तो हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे तू माझं आयुष्य मुंग्यांच्या हवाली केलंस!" मला त्याला चांगली चापट मारावीशी वाटली.

एकदा पानं गेली तर झाड पुन्हा फुटतं, पण परतपरत गेली तर टिकत नाही, असं मालकीण म्हणाली. मग राहिलेले दिवस मी शेती काही शिकले नाही. झाडाचीच राखण केली. बुंधा घासून धुतला, नवा पट्टा बांधला, त्यावर ग्रीस थापलं. फळांना एकही पाखरू शिवत नव्हतं. नवऱ्याने त्यातला एक आंबा तोडून खाल्ला, मी नको नको म्हणत असताना. गोड आहे, म्हणाला.

दुपारी पाऊस लागला की सगळे आपापल्या खोलीत आडवे व्हायचे. नवरा पडल्या पडल्या झोपायचा. मी जागी. आता खोलीत भरपूर उजेड असायचा आणि पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. पण माझं लक्ष खाली, फळ्यांखाली. तिथे अंधारात त्यांची शेती चालली आहे आणि माझ्या कुंकवाचे तांदूळ तिथे पोचले आहेत. मी मागणं मागितलं होतं, कुणीतरी ऐकलं होतं, वाणही उचलून नेलं होतं. पण नेलं कुणी, आणि बदल्यात काय द्यायचं ठरवलं, हे मला कोण सांगणार होतं? असल्या विचारांची मला लाज वाटायची. तरी मी त्याचा लोंबणारा हात उचलून पांघरुणात घालायची.

एडमंटनला परत आल्यावर माझं जेवण सुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचे रिपोर्ट छान आहेत, तुमचंच वजन उतरलंय. मी काय सांगणार? तिकडे एक आंबा बोडका झालाय म्हणून? मग ऑगस्टच्या सुमारास नवऱ्याच्या फोनवर मालकिणीने एक फोटो पाठवला. आंबा फुटला होता, शेंड्यांना तांबूस, लुसलुशीत पानं. मी वॉशरूमचं दार लावून पोटभर रडले आणि बाहेर येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर अधूनमधून फोटो यायचे. मी ते माझ्या फोनवर घेऊन ठेवायची आणि उठल्याबरोबर एकदा बघायची. ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावरच्या झाडांची पानं गेली. दरवर्षी जातात. एका कडक थंडीच्या रात्री सगळी एकदम गळतात आणि सकाळी रस्ता बोडका. इतकी वर्षं मी ते बघत आले आहे, पण या वेळी मी ऑफिसला जायला गॅरेजचं दार उघडलं आणि माझा पाय ब्रेकवरून निघेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच झाड उभं होतं. मी गाडीतच फोन काढला, फोटोतला हिरवा आंबा बघितला आणि मग निघाले.

फोटो हिरवा होता म्हणून मी नवऱ्याचं बरंच काही चालू दिलं. बेसमेंटमध्ये गांडुळांच्या पेट्या आल्या, तरी मी काही बोलले नाही. ॲकरेज बघायला जाऊ, तर चल म्हटलं. नोव्हेंबरच्या एका रविवारी आम्ही शहराबाहेर एक जागा बघायला गेलो. दाखवणारा एजंट फोन आला म्हणून त्याच्या गाडीत जाऊन बसला. आम्ही दोघं कापणी झालेल्या शेतात उभे होतो. बर्फ अजून नीट पडला नव्हता, नुसती पांढरी भुकटी. खुंटांच्या रांगा पार क्षितिजापर्यंत गेलेल्या. कुठून काही आवाज नाही. नवरा टाचेने जमीन ठोकून बघत होता.

"बोल, घ्यायची का?" तो म्हणाला.

माझं मन चांगलं होतं. मी म्हटलं, "घे. तुला हसायचं तर हस, पण ते झाड जगलं ना, तेव्हाच मी ठरवलं, आता तुला नाही म्हणायचं नाही. झाड जगलं म्हणून तू जगलास."

तो हसला नाही. टाच ठोकायची थांबवली. मग म्हणाला, "झाड नाही जगलं."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"आपण निघालो आणि मुंग्या परत आल्या. दोनदा. मग बुंधाच सडला. जुलैतच तोडलं तिने. फोटोतलं झाड तिच्या किचनमागचं आहे. मी तिला म्हटलं, प्लीज, एवढं कर. तू जेवत नव्हतीस."

"आणखी काय सांगितलं तिने?" मी विचारलं. मला माहीत होतं की आणखी काहीतरी आहे.

"जाऊ दे ना."

"सांग."

"खोड उपटलं तेव्हा मुळांखाली त्यांच्या वारुळाची पोकळी निघाली, खोलीखालून तिथवर आलेली. मुंग्या गेल्या होत्या. तुझे तांदूळ तिथेच होते, लाल. एका बाजूला ढीग करून ठेवलेले. हळदीकुंकवाचं त्यांच्या बुरशीला चालत नसणार, असं ती म्हणाली. इट मेक्स सेन्स."

म्हणजे नेलं होतं, पण घेतलं नव्हतं. याचा अर्थ चांगला की वाईट, हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. टोपी कानांवर ओढलेली, नाक लाल झालेलं. हा माणूस जुलैपासून त्या झाडाशिवाय जगत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि तू? तुला काहीच वाटलं नाही?" मी चिडून विचारलं. "तुझा तर विश्वासच नाही."

"नाहीच आहे विश्वास," तो म्हणाला. मग मान फिरवून, खुंटांकडे बघत म्हणाला, "पण तिचा फोन आला त्या दिवसापासून रोज उठलो की आधी बघतो, आपण उठलो का."

चार महिने. मी फोनमधलं परक्याचं झाड बघून निवांत चहा पीत होते, आणि माझ्या शेजारी हा एकटा पडल्या पडल्या छताकडे बघत स्वतःची खात्री करून घेत होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि मी त्याला घट्ट धरलं, जाकिटासकट, तो एजंट बघत असताना. भीती वाटून घ्यायला दोघं होतो ना, मूर्खा, असं काहीतरी मी बोलले. तो म्हणाला, सॉरी.

जमिनीचं अजून ठरलेलं नाही. एक गोष्ट मात्र त्याच दिवशी गाडीत बसल्यावर मी त्याच्याकडून कबूल करून घेतली. उठला की आधी मला उठवायचं. काही कारण असो नसो, मग मी ऐकून घेवो नाही तर ओरडो. एडमंटनच्या हिवाळ्यात उजाडायला खूप उशीर असतो आणि हा मेला लवकर उठणारा. रोज अंधारात खांदा हलवतो, "अगं, उठलो मी." आणि मी रोज चिडते.